पाहण्याच्या जागा, हात लावण्याच्या जागा

मराठी ललित वाङ्मयात उन्हाळ्याच्या सुट्टीला मानाचे पान आहे. आजोळ, आमराई, विहिरीतले पोहणे, करवंदांच्या जाळ्या, गच्चीवरची अंथरुणे यांची वर्णने आपल्याकडे इतकी झाली आहेत की आता ती वाचताना पुढचे वाक्य आधीच कळते. मात्र या सर्व वर्णनांतले मूल साधारण सात ते चौदा वर्षांचे असते. त्याहून लहान मूल कथानकाच्या बाहेर, ओसरीवर, आजीच्या मांडीवर किंवा झोळीत असते. ज्याला अजून शाळा नाही त्याला सुट्टी कसली, असा तर्क त्यामागे असावा. गंमत अशी की, राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा जो कायदा केला, त्याच्याही लेखी मूल उगवते ते सातव्या वर्षीच. त्याआधीचे मूल घरच्यांचे.

ही व्यवस्था फार काळ चालली, कारण घर तेवढे मोठे होते. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत ज्यांचे बालपण गेले त्यांना ठाऊक आहे की रांगत्या-चालत्या मुलाला ‘बाहेर फिरवून आणणे’ असा स्वतंत्र कार्यक्रम नसे. वाड्याचा चौक, परसातला हौद, समोरचा बोळ आणि बोळातली पाच-सात घरे एवढा मुलूख त्याला पुरत असे. वाडे पडले, तिथे सदनिका उभ्या राहिल्या, आणि मग मुलाला शहरात नेण्याची गरज निर्माण झाली. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या वर्षी परीक्षांचे पेपर तपासून झाल्यावरचे मोकळे दिवस आणि सुट्टीसाठी आमच्याकडे राहायला आलेली अडीच वर्षांची पुतणी असा योग जुळून आला. एप्रिल-मेच्या त्या पाच-सहा आठवड्यांत आम्ही तिला घेऊन कोल्हापूर हिंडलो. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळी उन्हाचे राज्य. या हिंडण्याची गोडी सांगण्यासारखी आहेच. पण हिंडताना एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला, आणि तो इतिहासाचा आहे. अडीच वर्षांच्या मुलासाठी या शहरात ज्या जागा आहेत, त्या मुळात कुणासाठी होत्या?

पहिला मान अर्थातच न्यू पॅलेसचा. काळ्या घडीव दगडाची, घड्याळाच्या मनोऱ्याची ही वास्तू १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मॅन्ट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. परिसरात हरणे आहेत, तळे आहे, आणि १९७४ पासून आत संग्रहालय आहे. हरणांसमोर आमची पुतणी पाऊण तास हलली नाही. जाळीतून गवताची काडी सरकवायची आणि ती ओढली गेली की खिदळायचे, एवढाच व्यवसाय. संग्रहालयात मात्र दहा मिनिटेच झाली. पेंढा भरलेले वाघ-बिबटे पाहून ती काकूच्या पदराआड गेली आणि तिने विचारले, “हा झोपत का नाही?” आम्हाला उत्तर देता आले नाही. संस्थानिकांच्या शिकारीच्या वैभवाविषयी आम्ही वर्गात बरेच बोललो आहोत. त्या वैभवाचे सर्वांत नेमके वर्णन ‘न झोपणारे वाघ’ असे करता येईल, हे आजवर सुचले नव्हते.

शिकारीचा विषय निघालाच आहे, तर चित्त्यांचेही सांगायला हवे. कोल्हापूरच्या दरबारी शिकारीसाठी पाळलेले चित्ते असत आणि त्यासाठी आफ्रिकेतूनही चित्ते आणले जात. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवरून माळावर न्यायचा, काळवीट दिसताच टोपी काढायची, असा तो खेळ. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले, आणि सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आणलेले चित्ते कुनोच्या जंगलात सोडले गेले, तेव्हा वर्तमानपत्रांना कोल्हापूरच्या चित्तेवानांची पुन्हा आठवण झाली. हत्तींचीही हीच कथा. साठमारी हा शब्द आज कोल्हापूरकराला एका भागाचे नाव म्हणून माहीत आहे. रिक्षावाल्याला सांगितले की तो नेऊन सोडतो. एके काळी तिथे पिसाळवलेल्या हत्तीला माणसांनी डिवचायचे आणि मग जीव वाचवायचा, असा खेळ चाले आणि लोक तो उंचावरून, सुरक्षित अंतरावरून बघत.

तिथून चालण्याच्या अंतरावर खासबाग. नावातच ‘खास’ आहे. १९१२ साली पूर्ण झालेले हे कुस्तीचे मैदान शाहू महाराजांनी बांधवले. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. हजारो प्रेक्षकांपैकी कुठेही बसलेल्या माणसाला हौद्यातली कुस्ती स्पष्ट दिसावी, अशी त्याच्या उताराची रचना आहे. शेजारीच १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजे नंतरचे केशवराव भोसले नाट्यगृह. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, ते आगीत जळाले आणि त्या रात्री निम्मे कोल्हापूर रस्त्यावर उभे राहून रडले. शहराचे आपल्या वास्तूवर किती प्रेम असू शकते, याचा तो पुरावा होता आणि आम्ही त्याची थट्टा करणार नाही.

परंतु एक गोष्ट नोंदवायला हवी. राजवाडा, शिकारखाना, साठमारी, कुस्तीचे मैदान, नाट्यगृह या सर्व जागा पाहण्याच्या आहेत. राजाने करमणूक उभी करायची, प्रजेने ती बघायची. शाहू महाराजांनी या बघण्यात अठरापगड जातींना शेजारी शेजारी बसवले, हे त्यांचे मोठेपण. तरीही प्रजेचे काम बघण्याचेच राहिले. अडीच वर्षांचे मूल मात्र प्रेक्षक होऊ शकत नाही. ६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता अवघे कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले होते. त्या शंभर सेकंदांतही शहरातल्या काखोटीच्या आणि बोट धरलेल्या मुलांनी चुळबुळ केली असणार, याविषयी आमच्या मनात शंका नाही. या वयाचे मूल जग बोटांनी वाचते. खासबागेत पुतणीला उतारही नको होता आणि हौदाही नको होता. बाहेरची तांबडी माती तिला हवी होती. ती तिने दोन्ही मुठींत घेतली, काकांच्या खिशात भरली, आणि मग खाऊगल्लीत भेळेच्या कागदावरही थोडी शिंपडली.

टाऊन हॉलची बाग हा आमच्या उन्हाळ्याचा खरा शोध. ही इमारत १८७२ ते १८७६ मधली, आराखडा त्याच मॅन्टचा; बाहेरून एखाद्या चर्चसारखी दिसते. भोवती जुनी, उंच, सावलीची झाडे. मॅन्टच्या नावाशी कोल्हापूरची आणखी एक हळवी आठवण जोडलेली आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासाहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे १८७४ साली जी छत्री उभारली, तिचाही आराखडा मॅन्टचाच. ज्या उद्यानाच्या टोकाला ती आहे, ते फ्लॉरेन्सकरांचे हवा खाण्याचे मोठे सार्वजनिक उद्यान आहे. म्हणजे आज या क्षणीही तिथली एखादी आई बाबागाडी ढकलत कोल्हापूरच्या महाराजांच्या अर्धपुतळ्यावरून जात असेल. इतिहास कुठल्या बागेत जाऊन बसेल, याचा नेम नसतो.

टाऊन हॉलमध्ये १९४९ पासून संग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात जे सापडले, त्याचा मोठा वाटा इथे आहे. त्यातली समुद्रदेव पोसायडनची वीतभर उंचीची ब्राँझ मूर्ती जगप्रसिद्ध आहे. रोमन जगाशी कोल्हापूरचा संबंध सांगताना प्रत्येक अध्यापक तिच्याकडे बोट दाखवतो. ब्रह्मपुरीच्याच ऐवजात पाठीवर माणसे बसलेला एक हत्ती आहे, ब्राँझचा, मुठीत मावेल एवढा. पोसायडनपेक्षा हा हत्तीच आम्हाला अधिक जवळचा वाटतो. तो कशासाठी घडवला असेल यावर विद्वानांनी जे म्हणायचे ते म्हणावे. अडीच वर्षांच्या मुलाला उचलून तो दाखवला की त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे होतात. अर्थात मध्ये काच असते, आणि असायलाच हवी. तो हात मग बाहेर बागेत ठेवलेल्या जुन्या तोफेवर विसावतो. उन्हात तापलेली नसेल तेव्हा तोफ ही फार चांगली घसरगुंडी असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोल्हापुरात हात लावण्याच्या जागा नव्हत्या असे नाही. भरपूर होत्या, आणि त्या पाण्याच्या होत्या. हे तळ्यांचे शहर होते. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा, सिद्धाळा, कोटितीर्थ, रंकाळा ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. तळ्याला पायऱ्या असत. पायरीवर बसून पाय पाण्यात सोडता येत. धुणे, जनावरे धुणे, पोहायला शिकणे, निर्माल्य सोडणे, सगळे तिथेच. थोरल्या भावंडांच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून त्यांना पाण्यात ढकलले जाई, आणि धाकटे शेवटच्या पायरीवर आजीच्या मुठीत मनगट देऊन पाण्यावर थपाथपा हात मारीत बसे. उन्हाळ्यातली बालकांची सर्वांत मोठी करमणूक हीच. तिला तिकीट नव्हते आणि उद्घाटनाची कोनशिलाही नव्हती.

यातली बहुतेक तळी बुजली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. कपिलतीर्थावर मंडई बसली. रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. तिथे कोल्हापूरचा फुटबॉल फुलला. या बुजवण्यामागे निव्वळ अडाणीपणा होता असे म्हणणे आम्हाला मान्य नाही. नळाचे पाणी आल्यावर तळ्याचा रोजचा उपयोग संपला. उपयोग संपलेले पाणी साचते, साचलेल्या पाण्यावर डास होतात, आणि वाढत्या वस्तीला मंडईही हवी असते, मैदानही. ज्या पिढीने हिवताप आणि पटकी यांनी घरातली मुले गमावली होती, तिला तळे बुजवणे हे मुलांच्या हिताचेच वाटले असणार. ‘पूर्वी किती छान होते’ असा उसासा टाकणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

आणखीही एक बाजू विसरू नये. त्या पायऱ्या सर्वांसाठी नव्हत्या. कुणाच्या मुलाने कुठल्या पाण्याला हात लावायचा हे जात ठरवीत असे. शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचे हुकूम काढले, कारण हुकूम काढल्याशिवाय ते होणार नव्हते. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, संस्थानातल्या माणगावी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि महाराज स्वतः तिला गेले. आणि २० मार्च १९२७ रोजी, म्हणजे उन्हाळा लागता लागता, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले. पाण्याला हात लावणे या मराठी शब्दप्रयोगात केवढा इतिहास साठला आहे! वर्गात सत्याग्रहाचे वाङ्मय शिकवताना आम्ही ओंजळीच्या प्रतीकाविषयी तासच्या तास बोलतो. ती ओंजळ मुळात प्रतीक नव्हती, तहान आणि ऊन होते, हे तळ्याच्या काठावर मुलाचा हात धरून उभे राहिल्यावर जरा अधिक कळते.

म्हणून आमची तक्रार जरा गुंतागुंतीची आहे. जे पाणी सर्वांचे व्हावे म्हणून एवढी झुंज झाली, ते सर्वांचे होईपर्यंत शहरातून नाहीसेच होत गेले. पाहण्याच्या जागा आपण जपल्या, त्यांना वारसा म्हटले, त्यांच्या जयंत्या केल्या. हात लावण्याच्या जागांचा वारसा म्हणून विचारच झाला नाही, कारण त्या कुणा एकाच्या नावावर नव्हत्या.

रंकाळा राहिला. इतका मोठा की बुजवणे शक्य नव्हते. काठाकाठाने फेरी मारायची तर चार किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. मूळची ही दगडांची खाण, इथल्याच दगडांनी अंबाबाईचे देऊळ उभे राहिले आणि मग भूकंपाने खाण पाण्याने भरली, अशी लोकांची समजूत आहे. पलीकडच्या काठावर १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस. पाण्यात संध्यामठ, पावसाळ्यात तो बुडतो आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की खांबांसकट उघडा पडतो. त्या अर्थाने संध्यामठ हा कोल्हापूरचा उन्हाळा मोजण्याचा खांबच म्हणायला हवा. पुतणीने आठवडाभराच्या अंतराने दोनदा पाहून सांगितले की देऊळ मोठे झाले. निरीक्षण अचूक होते.

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट तिला सर्वांत आवडली. हा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. असे करत करत तो ज्या दिवशी रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी. आमच्या आज्यांनी ही गोष्ट आम्हाला भीती घालायला सांगितली होती. पुतणीने ती चालण्याची पद्धत म्हणून घेतली. काठावरच्या वाटेने एक पाऊल मोठे पुढे, एक छोटे मागे, असे ती चालू लागली आणि चौपाटीपर्यंतचे अंतर कापायला आम्हाला सूर्यास्त झाला. लोककथेचे असे अभ्यासपूर्ण सादरीकरण आम्ही चर्चासत्रांत क्वचितच पाहिले आहे.

पण पायरीवर बसून तिने पाण्याकडे हात नेला, तेव्हा आम्ही दोघेही एकदम ओरडलो. बुडेल म्हणून नव्हे. मनगट घट्ट धरलेले होते. सांडपाणी मिसळून रंकाळ्याची काय अवस्था होत आली आहे, जलपर्णीने तळे कसे पुनःपुन्हा झाकले गेले आणि नागरिकांनी ती काढण्यासाठी किती श्रम घेतले, हे शहराला ठाऊक आहे. नदीचेही तेच. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे गेली, तेव्हा पंचगंगेच्या दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले होते. हिवताप-पटकीच्या भयाने तळी बुजवणाऱ्या पिढीला हे ऐकून काय वाटले असते, कोण जाणे.

नदीकाठी उन्हाळ्यात वीटभट्ट्या लागतात. तिथे कामाला आलेल्यांची दोन-अडीच वर्षांची मुले दिवसभर उघड्यावरच असतात. त्यांच्या बाबतीत ‘उन्हाळ्यात बाहेर हिंडणे’ हा शब्दप्रयोग वापरायला जीभ धजत नाही. त्यांना सावली म्हणजे रचलेल्या विटांची आणि पाणी म्हणजे समोरच्या नदीचे. काकूंच्या पर्समधली उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली त्यांच्याकडे नसते. टाऊन हॉलच्या झाडांखाली, खासबागेच्या मातीत, चौपाटीवर आम्हाला ही मुले फारशी दिसली नाहीत. या जागांवर जायला तिकीट लागत नसूनही. मुलाला तिथवर आणणारा मोकळा हात लागतो, आणि संध्याकाळी पाच वाजता तो हात अजून विटा थापत असतो.

एका ठिकाणी मात्र सर्व थरांतली मुले एकत्र दिसतात, ते गंगावेशचा दूधकट्टा. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, समोर धार काढायची आणि फेसाळ पेला गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. तालमीतले पैलवान, पेन्शनर, बाजारातून परतणाऱ्या बाया, त्यांच्या कडेवरची पोरे. पुतणीला दुधात रस नव्हता. तिने विचारले, “हात लावू?” आणि गवळ्याने म्हैस जरा वळवून दिली. म्हशीच्या पोटावर तळहात टेकवून ती बराच वेळ उभी राहिली. म्हैस रवंथ करीत होती. मग वळवाचे ढग आले, वारा सुटला, आणि गवळ्यानेच आम्हाला सांगितले, “सर, पोरगीला घिऊन निघा आता, गांधी मैदानाकडनं जाऊ नका, तिकडं पाणी साठतंय.”